सिजौची फांदी

चंपामती नदीने गाव गिळलं तेव्हा म्हाताऱ्या बिलाइस्रीने भांड्याकुंड्यांना हात लावला नाही. आधी अंगणातल्या सिजौची फांदी तोडली आणि लेकरासारखी मांडीवर घेऊन ती गाडीत बसली. त्यात नवल काहीच नव्हतं. उत्तरेच्या डोंगरांतून पूर्वज उतरले तेव्हापासून बोडो माणूस एक नदी सोडून दुसरीच्या काठी जातो तो असाच, आपल्या देवाचं, बाथौबाबाचं, हे काटेरी झाड सोबत घेऊन. फांदी रुजली की गाव बसलं.

नव्या अंगणात फांदी लावताना म्हातारीने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "रुजली तर राहीन. नाही रुजली तर मी आपली चालले परत, जुन्या काठावर, भावाकडे."

सून रोइमाली घाबरली. तिला दिवस गेलेले, आणि सासूशिवाय बाळंतपण तिला कल्पनेतही नको होतं. तोंडाची फटकळ, पण काय जीव लावायची ती बाई!

म्हातारी रोज फांदीला तांब्या भरभरून पाणी घाली. शेजारणी म्हणत, "किती करते हो देवाचं!" रोइमाली मागावर बसून बघत राही. फांदीचा बुंधा पिवळा पडून मऊ झाला तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिने जाऊन तांब्याच धरला.

"आय, नवी नवरी असताना मी सिजौला पाणी घातलं, तर केवढ्यांदा ओरडला होतात! कुजेल म्हणून. आठवतंय?"

"नाही आठवत."

"चांगलं आठवतंय. मुद्दाम कुजवताय तुम्ही."

म्हातारीने तांब्या सोडला. "तिकडे तुझा सासरा आहे गं. त्याला एकट्याला टाकून इथे कशी राहू?"

"ते स्मशान नदीने कधीच नेलं, आय. आणि ज्याची ही फांदी, तो सिजौ लावला होता कुणी?"

त्यानेच लावला होता, लग्नाच्या वर्षी. बिलाइस्रीने शेजारी बसून माती दाबली होती. आता तिने तो पिवळा बुंधा बोटाने दाबून पाहिला. मग तिने फांदी उपटली आणि कोयत्याने कुजका भाग छाटला. पांढरा चीक टपटपला.

"जिता आहे अजून," ती पुटपुटली आणि डोळे पुसायला हात वर नेला. रोइमालीने झटकन तिचं मनगट धरलं. "चिकाचा हात आहे, आय!" आणि आपल्या पदराने तिचे डोळे पुसले.

"सावलीत सुकू दे चार दिवस, मग लावू," म्हातारी नाक ओढत म्हणाली. "आणि तो तांब्या आत नेऊन ठेव. माझ्या नजरेसमोर नको."