नवरी अर्ध्यावर सोडली

लॉजवाल्या मावशींना गोष्ट अर्ध्यावर सोडायची खोड होती, आणि त्या खोडीवर दोन घरं जेवत होती. पाहुणे जेवायला बसले की त्या लग्नाच्या दिवशी चुकीच्या होडीत चढलेल्या नवरीची गोष्ट काढत. "होडीवाल्यानं मागं वळून पाहिलं, तर..." एवढ्यावर त्या ताटं उचलायला लागत. पुढचं म्हणे धक्क्यावरचा नावाडी सांगतो. नावाडी म्हणजे त्यांचा धाकटा दीर. तो बेट येईपर्यंत नवरीला आणखी एका घोळात घाली, आणि शेवट बेटावरच्या दीपगृहाच्या रखवालदाराकडे सोपवी. सकाळच्या बसनं निघणारा माणूस असा आणखी दोन दिवस अडके.

सुट्टीला आलेला मावशींचा जाहिरात कंपनीतला भाचा या युक्तीला खो खो हसला. त्यानं हमरस्त्यावर झकास बोर्ड लावला. बोर्डाच्या सावलीत बकऱ्या तेवढ्या बसू लागल्या.

मग होडी बंद करायची की कसं, हे ठरवायला बंदर खात्याचे साहेब आले. होडी गेली की दीर घरी बसणार, आणि लॉजलाही कुलूप. साहेब जेवायला बसताच मावशींनी नवरीला होडीत बसवलं.

"मला असल्या गोष्टींत रस नाही," साहेब म्हणाले. "सकाळची बस आहे माझी."

सकाळी बसनं हॉर्न वाजवून वाजवून घसा बसवला. साहेब होडीत होते.

संध्याकाळी ते तणतणत परतले. "तुमचा रखवालदार म्हातारा झालाय. शेवट विसरला! म्हणतो, लॉजवाल्या मावशींना विचारा."

मावशी गडबडल्या, पण क्षणभरच. "सांगते की. पण होडी बंद झाल्यावर तो शेवट काय कामाचा?"

"होडी चालू राहील! बोला आता."

"शेवट होडीतच सांगायचा असतो. उद्या सकाळी."

भाच्यानं त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "खरंच काय होतं गं नवरीचं?"

"मला काय ठाऊक? मी कधी गेलेय पलीकडे?" म्हणता म्हणता मावशींना स्वतःचाच राग आला. सगळ्यांना धाडलं, आणि आपण इथं भांडी घासत बसलो. त्यांनी चुलीजवळची पळी भाच्याच्या हातात दिली.

सकाळी दिरानं वल्हं उचललं, मागं वळून पाहिलं, तर साहेबांशेजारी पिशवी मांडीवर घेऊन वहिनी!

"वहिनी, तुम्ही? चुकीच्या होडीत चढलात की काय?"

"गपचूप वल्हवा, भाऊजी," मावशी म्हणाल्या. "मला सुचायला वेळ लागेल."