नाडी सापडली!

मित्रांनो, मी एक जुने व्यंगचित्र आहे. काच तडकली, कागद पिवळा पडला. पण माझ्यातल्या डॉक्टरांचे पोट अजून तसेच सुटलेले आहे.

आमचे घराणे मोठे. माझ्या चित्रकाराच्या टेबलावर माझ्या पूर्वजांचे, म्हणजे डॉक्टरांवरच्या जुन्या व्यंगचित्रांचे, जाडजूड पुस्तक असे. कुठे वैद्य रोग्याला जळवा लावून स्वतः डुलक्या काढतो आहे, कुठे दोन डॉक्टर औषधावरून भांडत आहेत आणि रोगी मधल्या मध्ये गार झाला आहे. माझ्यातले डॉक्टर रोग्याचे मनगट धरून कंपाउंडरला सांगतात, "नाडी सापडली! आता नाडायला हरकत नाही."

मी साप्ताहिकात छापून आले. एका डॉक्टरांना इतके आवडले, की त्यांनी मला कापून, चौकट करून आपल्याच दवाखान्यात बाहेरच्या खोलीत टांगले. घाबरलेली माणसे मला वाचून हसत. मी अगदी फुशारून गेले होते.

एकदा शेजारच्या गल्लीतल्या, शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. त्यांच्या छातीत मधूनच धडधडायचे. त्यांनी माझी ओळ मोठ्याने वाचली.

"अगं बाई! मी आपली जन्मभर पायजम्यांत नाड्या ओवतेय, आणि हे तर माणसालाच नाडतात!"

खोलीत हशा पिकला. सगळ्यांत खूश मीच. त्या गडबडीत मावशी पिशवी उचलून निघून गेल्या. त्यांना आत बोलावले, तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पुढे त्यांची सून त्यांना धरून घेऊन आली. मावशींचा उजवा हात लुळा पडला होता.

"मावशी, धडधडत होतं तेव्हाच का नाही आलात?" डॉक्टर बाहेरच्या खोलीत येऊन कळवळून म्हणाले. "नुसती नाडी बघितली असती तरी ठोके चुकताहेत हे कळलं असतं, हा लकवा टळला असता."

मावशींनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवले. "आले होते की. यानं परत पाठवलं."

डॉक्टर सवयीने हसायला गेले, पण हसू आलेच नाही. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

त्यांनी मला उतरवले. वाटले, आता माळ्यावर रवानगी. पण त्यांनी मला आत, स्वतःच्या खुर्चीसमोर लावले. म्हणाले, "हे माझ्यासाठी आहे, पेशंटसाठी नाही."

मित्रांनो, डॉक्टरांना खुशाल हसा. त्यावरच आमचे पोट आहे. पण हसून झाले की मनगट पुढे करा.

मावशी अजून औषधाला येतात. लुळा हात डाव्या हाताने उचलून डॉक्टरांच्या हातात देतात. डॉक्टर नाडी धरतात. माझी ओळ तेव्हा कुणीच वाचत नाही. मला मात्र ती पाठ आहे.