आप्पा बोलले तो तास

सी या संगणकाच्या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम माईकचा आवाज बायनरी तुकड्यांत वाचायचा. एकेक तुकडा पुरा आला की माझ्या कॉलबॅक फंक्शनला, म्हणजे प्रोग्राममधल्या एका छोट्या भागाला, बोलावणं जायचं. ते आवाज किती मोठा एवढाच आकडा फाइलमध्ये लिहायचं आणि खुद्द आवाजाचा तुकडा टाकून द्यायचं. मेमरी वाचवायचा लई माज मला!

चाचणीसाठी निपाणीच्या घरी आप्पांना माईकपुढं बसवलं.

"काय बोलू गं, पारमिता?"

"काहीबी बोला."

आई गेल्यापासून गप्प झालेले आप्पा तासभर बोलले.

गेल्या महिन्यात आप्पाही गेले. आज फाइल उघडली. नुसते आकडे. मध्येच एका जागी ते शून्याजवळ येऊन बराच वेळ थांबलेत. तिथं आप्पा रडले असतील का?

मी शेजारीच बसले होते, आकडे बरोबर येतात का बघत.