डाव्या बुटातला पेंढा

मित्रांनो, मी डाव्या पायाचा एक जुना गमबूट आहे. टाचेजवळ सायकलच्या ट्यूबचं ठिगळ दिसलं, की समजा तो मीच. उजवा माझ्या शेजारीच असतो. पण सांगण्यासारखं त्याच्यावर काही गुदरलं नाही, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे आलं.

लोक मला रबराचा म्हणतात. खरं तर मी एका प्रकारच्या प्लास्टिकचा आहे. तापवून पातळ केलेलं प्लास्टिक साच्यात भरलं, निवल्यावर मला ओढून बाहेर काढलं आणि माझ्यावर आठ नंबर उमटला. भिवंडीला गटाराच्या कामावर मुकादमाने आम्हा दोघांना सोन्या नावाच्या मजुराच्या पायांपुढे टाकलं. सोन्याचा पाय सहा नंबरचा. काम संपलं तेव्हा बूट परत घ्यायला मुकादम विसरला, आणि सोन्याने त्याला आठवण करून दिली नाही. एसटीने जव्हार, तिथून मोखाडा, पुढे जीप आणि मग पायवाट, असा मी सूर्यमाळच्या खालच्या अंगाला असलेल्या त्याच्या पाड्यावर आलो.

सोन्याची बायको तुळशी मला बघून खो खो हसली. "पायाला बादल्या बांधून आलास काय रे?"

"हस तू," सोन्या म्हणाला. "थंडीत बांधावर उभं राहायला लागलं, की मागशील."

बांधावर कशाला, ते सांगतो. भाताची कापणी झाली, की खाचरांत धसकटं उरतात आणि बांधांच्या पोटात उंदीर उरतात. हे उंदीर कणसं तोडून बिळात नेतात. एकेका बिळात दोन-तीन शेर भात साठलेलं असतं. उंदीर बांध पोखरतात, म्हणून शेतवाला खणायला नाही म्हणत नाही. बिळातलं भात आणि उंदीर, दोन्ही खणणाऱ्याचं. सोन्याला स्वतःची जमीन नाही. हिवाळ्यात त्याच्या घरची चूल बरीचशी या शिकारीवर पेटते.

पण बिळाचं फक्त तोंड दिसतं. आत ते दोन-चार वाटांनी फिरतं, आणि भाताची खोली नेमकी कुठे आहे ते वरून कळत नाही. अंदाजाने खणलं तर अख्खा बांध ढासळतो आणि शेतवाला पुन्हा उभं करत नाही. सोन्या ती खोली अनवाणी तळव्याने शोधायचा. बांधावर टाच हलकेच दाबत जायचा. भरीव माती टाचेला एक सांगते, पोकळ माती दुसरंच. मग थांबून म्हणायचा, "हां, हितं." पहार तिथेच पडायची आणि तिथेच भात निघायचं. पाड्यावर म्हणायचे, सोन्याच्या तळव्याला कान हायेत.

अडचण थंडीची होती. नऊ वाजता सोन्याला रस्त्याच्या कामावर रोजाने जायचं असे, म्हणून शिकार उजाडताच. त्या वेळी गवत दवाने ओलंगच्च असतं. ओहोळ ओलांडून खाचरात पोचेपर्यंत अनवाणी पाय सुन्न होतात, आणि सुन्न पायाला भरीव काय नि पोकळ काय, सारखंच. तेव्हा माझं काम असं होतं: सोन्याचा तळवा घरापासून बांधापर्यंत जिवंत पोचवायचा. बांधावर तो मला उतरवी, चार पावलं चाचपे आणि पुन्हा घाली.

पहिल्या दिवशी मी सपशेल हरलो. दोन नंबर मोठा, आत सगळा गारवा. दुसऱ्या दिवशी तुळशीने माझ्यात जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासून भरल्या. पाय आणखीच गारठला, बोटं आवळून निळी पडली. शेजारच्या म्हाताऱ्या येसूबाईने ते पाहिलं.

"तुळशे, कोंबडी अंड्यांवर बसवतेस तवा पेंढा असा दाबतेस काय गो?"

"नाय."

"मग? चिंध्या काढ, पेंढा भर, भुसभुशीत ठेव. पायाला श्वास घेऊ दे."

येसूबाई शाळेत गेली नव्हती, पण तिचं म्हणणं मी स्वतःच्या पोटात तपासून पाहिलं आहे. मित्रांनो, बूट ऊब देत नाही. ऊब पायाची असते, रक्ताबरोबर येते. बूट ती नुसती अडवतो. पेंढ्याच्या काड्यांमध्ये हवा अडकून राहते आणि ती हलली नाही, की ऊब पळत नाही. पेंढा दाबला तर हवा जाते. पेंढा ओला झाला तर हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी ऊब चोरण्यात फार पटाईत. म्हणून पेंढा सैल हवा, कोरडा हवा आणि रोज नवा हवा.

तो हिवाळा छान गेला. रोज संध्याकाळी तुळशी पेंढा काढायची, कोपरापर्यंत हात माझ्या आत घालून ओल चाचपायची, मग नवा पेंढा भरायची. तो हात मला अजून आठवतो.

दुसऱ्या हिवाळ्यात तीही रस्त्याच्या कामावर जाऊ लागली. दिवसभर खडी वाहून संध्याकाळी पाणी, सरपण, भाकरी. पेंढा बदलायला वेळ उरेना. मग तिने एक युक्ती काढली. पहाटेच्या अंधारात पेंढ्याचा गोळा उपसायचा, चुलीतली कोमट राख माझ्यात ओतायची, हलवायची, झटकून टाकायची आणि तोच गोळा पुन्हा बसवायचा. राख ओल शोषते आणि बूट गरमही होतो. युक्ती चांगलीच होती. पण एके दिवशी राखेत एक निखारा जिवंत राहिला. शेंगदाण्याएवढाच. टाच जिथे वळते तिथे मी पातळ आहे. तिथे तो बसला, अस्तर जळालं आणि मला आरपार भोक पडलं. तुळशीने मला झटकलं तेव्हा राखेबरोबर निखाराही गेला. करपट वास आला, पण चुलीपाशी तसला वास रोजचाच.

त्या दिवसापासून ओहोळ ओलांडताना पाणी आत येऊ लागलं. धार नव्हे, नुसता पाझर. पेंढा खालून भिजायचा, वरून कोरडाच दिसायचा. पहिले दोन दिवस सोन्या म्हणाला, "डावा जरा गार लागतोय." तिसऱ्या दिवशी पाय ठणकला. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "आता काय नाय लागत. बूट एक नंबर हाय!"

माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं आणि मी इतका वाईट कधी नव्हतो. आतला पाय पांढराफटक, सुरकुतलेला, गारगोटीसारखा थंड पडला होता. त्याची थंडी गेली नव्हती. त्याची तक्रार बंद झाली होती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

सातव्या दिवशी तुळशीचा भाऊ जिवा बरोबर होता. बांधावर सोन्याने मला उतरवलं. तो नेहमी डाव्या टाचेने चाचपायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि म्हणाला, "ह्या बांधाला काय नाय."

"तोंड तर समोर दिसतंय, दाजी," जिवा म्हणाला.

"जुनं बीळ असंल. रिकामं."

"उंदीर काय भिवंडीला गेले कामाला?"

"माझ्या पायाला सांगतोस तू?"

सोन्या नुकताच जिथून चालत गेला होता तिथेच जिवाने पहार मारली. पहार मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा टोकाला भाताचे दाणे चिकटले होते.

जिवाने भाताचे दोन वाटे केले. सोन्याने आपला वाटा घेतला आणि तो परतीला लागला. माझ्या आत त्याचा पाय लाकडासारखा पडत होता.

त्या दिवशी तो रोजावर गेला नाही. चुलीपाशी बसून त्याने मला काढलं. तुळशी भाकरी थापत होती. तिची नजर त्याच्या टाचेवर गेली.

"अरे, बोरीचा काटा हाय केवढा! दुखत नाय?"

"कुठं?"

तिने काटा उपसला. रक्ताचा थेंबही उशिरा आला. सोन्या स्वतःच्या पायाकडे असा पाहत राहिला, जसा माणूस दुसऱ्याच्या पायाकडे पाहतो. "गारठलाय नुसता," तो म्हणाला आणि त्याने डावा पाय चुलीच्या तोंडाशी नेला.

आपण सगळे हेच करतो ना? गारठलं, की विस्तव. पण चटका लागला हे सांगणारा पायच मुका असेल, तर मागे कोण ओढणार? तुळशी पाणी आणायला उठली. ती परत आली ती वासाने धावत. सोन्या डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या दोन बोटांची कातडी फुगून आली होती.

तुळशीचा ओरडा ऐकून येसूबाई आली. "मुक्या पायाला विस्तव दाखवतात काय रे? पोटाशी धरायचा, पोटाशी!" तुळशीने कोरड्या फडक्यात गुंडाळून तो पाय आपल्या पोटाशी धरला. भाजलेल्या पायाला आता पोटाची ऊब पुरणार नाही, हे तिघांनाही कळत होतं. तरी तिने तो सोडला नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. तुळशी येसूबाईला सांगत होती, ते ऐकलं. चार दिवस घरीच पाला बांधून काढले, मग पाय सुजला तेव्हा जव्हारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. पाय वाचला. "टाच कधी परत बोलेल?" असं सोन्याने विचारलं म्हणे. डॉक्टरांना प्रश्न कळलाच नाही.

मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडून होतो. पावसाळा गेला. माझ्यावर शेवाळ चढलं. उजवा चांगला होता, पण एका बुटाचा कोणाला काय उपयोग?

पुढच्या कापणीनंतर तुळशीने मला बाहेर काढलं आणि घासून धुताना काठोकाठ पाणी भरलं. टाचेतून दोऱ्याएवढी धार निघाली. ती ओणवी झाली. आत हात घातला, कोपरापर्यंत, पूर्वीसारखा. जळक्या अस्तराची कड तिच्या बोटाला लागली आणि हात तिथेच थांबला. बराच वेळ तो हात तसाच माझ्या आत होता.

मग ती मला घेऊन सोन्यापुढे गेली. "बघ. निखारा. माझ्या हातनं गेला."

सोन्याने भोकातून पेंढ्याची एक काडी आरपार घातली. काहीतरी तोडून बोलेल असं मला वाटलं.

"भोक तुझं असंल," तो म्हणाला. "पर सात दिवस पाय माझ्याजवळच हुता नं? मी कुठं नीट बघितला? लागत नाय म्हनून खूशच हुतो."

मोखाड्याच्या पंक्चरवाल्याकडून त्याने मला ठिगळ लावून आणलं. मात्र आता मी त्याच्या पायात नसतो. डाव्या टाचेला ऐकू येत नाही. उजवीने तो प्रयत्न करतो, पण तिला ती सवय नाही. आता तुळशी आम्हाला घालते. तिचा पाय आणखी लहान, म्हणून पेंढा जास्त. बांधावर ती मला उतरवते आणि चाचपडत चालते. सोन्या काठी टेकत मागून येतो.

"घाई करू नको. टाच दाब. काय सांगती?"

"काय नाय सांगत."

"पाय लागतोय ना पन? गार लागतोय ना?"

"लई गार लागतोय, बाबा!"

"मग बरं हाय," सोन्या म्हणतो. "चाल पुढं."

अजून तिला दहातली सहा बिळं चुकतात. चुकीच्या जागी खणून ढासळलेला एक बांध जिवाला पुन्हा बांधून द्यावा लागला. हा हिवाळा निभेल की नाही, मला सांगता येत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जे तुमच्यासाठी रोज पाण्यात उभं राहतं, त्याने तक्रार केली नाही म्हणून त्याचं बरं चाललंय असं धरून चालू नका. संध्याकाळी एकदा हात आत घाला, कोपरापर्यंत. तुळशी आता रोज घालते. भाकरी करपली तरी चालेल, म्हणते, पण आधी बूट.