रबरी हाताला बांगड्या

पिरंगुटच्या एका शेडमध्ये मी कातडं बनवतो. चामडं नव्हे. रबरासारखं मऊ, आत बारीक तारा असलेलं, कुठे किती दाब पडला ते सांगणारं. रोबोटच्या बोटांवर ते चढवलं की त्याला स्पर्श कळतो. पाहुण्यांना मी हे इतक्यांदा ऐकवलंय की शेडबाहेरचं कुत्रंसुद्धा मी तोंड उघडलं की उठून जातं.

आमचे मालक सोमवारी निकाल लावणार होते. कातडं अचूक दाब दाखवत असेल तर काम पुढे चालू, नाहीतर मी पुन्हा शेजारच्या कारखान्यात गास्केट कापायला.

शुक्रवारी मला एक नामी युक्ती सुचली. युक्त्या सुचणं हा माझा जुना आजार आहे. आम्ही मणियार. माझी अम्मी, साबेरा, तीस वर्षं बाजारात बायकांना काचेच्या बांगड्या भरते. अंगठ्याखालचं मांस दाबत ती बांगडी अशी सरकवते की मनगटावर कधी गेली ते बाईला कळतही नाही. नाजूक दाब किती असावा, हे तिच्या बोटांइतकं कुणाला ठाऊक? म्हटलं, तिच्या बोटांवर कातडं चढवू, तिला रबरी हातात बांगड्या भरायला लावू आणि येतील ते आकडे रोबोटला शिकवू.

अम्मी आली. पहिली बांगडी पिचली. दुसरीही पिचली. पडद्यावर दाब हवा त्याच्या तिप्पट.

"कातडं बिघडलंय," मी म्हणालो.

"कातडं बराबर हाय," माझ्याबरोबर काम करणारी भरे गावची जया म्हणाली. "सकाळीच तपासलंय मी."

"मग काय अम्मीचा हात चुकतोय? मणियारणीचा हात आहे तो!" मी जयावरच डाफरलो.

मी कातडं सोललं, तारा पुन्हा जोडल्या, रबरी हाताला तेल लावलं, बांगड्यांच्या कारखानदाराला शिव्या घातल्या. दुपारपर्यंत दोन डझन बांगड्यांचा चुरा झाला. एवढा शिकलेला मी, पण स्वतःच्याच यंत्राचं एक अक्षर ऐकायला तयार नव्हतो.

शेवटी अम्मीच म्हणाली, "वाजिद, ह्या हाताला तोंड कुटं हाय?"

"म्हंजे?"

"शुगरनं बोटं बधिर झाल्यात माझी. दीड वरीस झालं. कायबी कळत न्हाई. दुकानात मी बाईच्या तोंडाकडं बघती. कपाळाला जरा आठी पडली की हात ढिला सोडती."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तू इचारलंस कवा? मशिनीला बोटं पायजेत म्हणलास, घिऊन आले."

म्हणजे कातडं अगदी खरं बोलत होतं. सोमवारची काळजी मिटली, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. दिवसभर स्पर्शावर व्याख्यानं झोडणारा मी रोज तिच्या हातची भाकरी खात होतो. तिच्या बोटांवर तव्याचे चटके होते, जुने आणि ताजेही. ते मी आज पहिल्यांदा पाहिले. मला रडू आवरेना. मी तिची बोटं घट्ट धरून ठेवली.

"वाजिद, हळू," जया म्हणाली. "नखं रुतायलीत त्यांना."

मी दचकून हात सोडला. अम्मीच्या बोटांवर माझ्या नखांच्या चार लाल खुणा उमटल्या होत्या. ती निवांत विचारत होती, "अजून भरायच्यात का रं बांगड्या?"