शिशाची तार आणि अबोलीची गाठ

कार्तिकातले ऊन तीर्थन नदीच्या खोऱ्यात उशिरा उतरते. आधी ते हिमशिखरांवर रेंगाळते, मग देवदारांच्या शेंड्यांवरून, पानगळ लागलेल्या सफरचंदांच्या बागांवरून, दगडी पाट्यांच्या छपरांवरून हळूहळू खाली येते. नदी मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. नीलजला, फेनमंडिता, अखंडवाचाळ अशी ती नदी रात्रंदिवस बोलत असते. हेमलताबाईंना तिची ही बडबड अलीकडे सोसेनाशी झाली होती.

दाराशी दोन बॅगा भरून उभ्या होत्या. उद्या सकाळची गाडी त्यांनी गुपचूप सांगून ठेवली होती. ठाण्याला, लेकीकडे जायचे. जिथे जिना उतरला की दवाखाना, जिथे भाजीवालीशी मराठीत हुज्जत घालता येते. धरणाच्या नोकरीसाठी या खोऱ्यात आलेले यशोधन कारखानीस निवृत्तीनंतर नदीच्या प्रेमापायी इथेच राहिले, आणि हेमलताबाई त्यांच्या प्रेमापायी. पण गेल्या वर्षापासून यशोधनरावांच्या हातांना कंप सुटला होता. कप बशीवर वाजे, शर्टाची बटणे बाई लावून देत. बर्फ पडले, रस्ता बुजला, आणि या माणसाला काही झाले, तर मी एकटी काय करू? ही भीती त्यांच्या उशाशी बसलेली असे.

पैज यशोधनरावांचीच. "मोसम संपायच्या आत माझ्या हातानं एक किडा बांधून झाला, तर हिवाळा इथंच," ते म्हणाले होते. "नाही झाला, तर तू नेशील तिथं." आज मासेमारीच्या मोसमाचा शेवटचा दिवस. उद्यापासून ट्राउट माशांचा विणीचा काळ, आणि नदीवर गळ टाकायला मनाई.

किडा म्हणजे निम्फ. पंख फुटण्याआधी नदीतल्या दगडाखाली राहणाऱ्या किड्याची, दोऱ्यापिसांनी गळावर केलेली नक्कल. ती तरंगून चालत नाही. तळाशी जावी लागते, कारण ट्राउट तळाशी जेवतो. म्हणून तिच्या पोटात शिशाची तार गुंडाळायची आणि वरून लोकरीने झाकून टाकायची. जे दिसत नाही, तेच तिला खाली नेते.

खिडकीशी टेबल. टेबलाच्या कडेला आवळलेला चिमटा. चिमट्यात इवलासा गळ. आणि त्या गळाभोवती थरथरणारे, हट्टी, वृद्ध हात.

तार गुंडाळून झाली. शिसे मऊ, समजूतदार. शेपटीला कोंबड्याच्या पिसाचे चार तंतू बसले. अंगासाठी लोकर हवी, ती त्यांनी अंगातल्याच स्वेटरच्या उसवलेल्या बाहीतून उपटली. बाईंनीच विणलेला स्वेटर. त्या पाहत होत्या, पाहत नसल्यासारखे दाखवत होत्या. ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला, अंगण झाडले, आत आल्या, बाहेर गेल्या. जमू नये, असे त्यांना वाटत होते. जमू नये असे वाटते म्हणून स्वतःची चीडही येत होती.

दोरा निसटला. एवढ्या कष्टाने घातलेले वेढे भराभर सुटले, आणि रीळ घरंगळत जाऊन नेमके दाराशी, बॅगेला टेकून थांबले. बाईंनी ते उचलून आणून दिले.

"जरा दम घ्या ना."

"दम घेतला की ऊन जाईल."

पुन्हा दोरा, पुन्हा लोकर. पुन्हा वेढा, पुन्हा वेढा. तपकिरी अंगावर पितळी तारेचे सोनेरी वळ उमटले, आणि किडा खरोखरीचा दिसू लागला. आता फक्त शेवटची गाठ. दोरा ताणून धरायचा, त्याचा फास करायचा, फास उलटा फिरवून डोक्यावर चढवायचा. यशोधनरावांचा श्वास थांबला. हात थांबेना. फास चढे आणि सुटे, चढे आणि सुटे. त्यांच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आला.

तो घाम बाईंना बघवला नाही.

त्या पुढे झाल्या. अलिबागच्या अंगणात लहानपणी त्यांनी अबोलीचे किती गजरे गुंफले होते, सुईविना, नुसत्या बोटांवर. बोटांनीच ओळखले की हा तोच फास. दोन बोटांवर दोरा घेतला, उलटवला, ओढला. गाठ बसली.

यशोधनरावांनी किडा उजेडात धरून पाहिला.

"सुरेख," ते म्हणाले. मग हळूच, "पण हात तुझा लागला, हेमा. हा पैजेत धरायचा नाही."

जिंकल्या होत्या त्या. आनंद मात्र कुठे सापडेना.

"बांधलाय तर न्या तरी पाण्यावर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून काठावर घेऊन गेल्या.

ऊन उताराला लागलेले. हिरव्या डोहावर देवदारांची सावली. पहिली फेक चुकली, दुसरी काठाच्या झुडपात अडकली. तिसरी डोहात पडली, आणि शिशाने किड्याला अलगद खाली नेले. हातात गळाची काठी कापत होती. काठीतून दोरी कापत होती. त्या कंपाने तळाशी तो लोकरीचा जीव हलू लागला, थबकू लागला, धडपडू लागला, अगदी खऱ्या किड्यासारखा. बटण न लावता येणारा हात खाली, अंधाऱ्या पाण्यात, प्राण फुंकत होता.

दोरी ताठ झाली.

ठिपकेदार, ताम्रपार्श्वा मादी पाण्याबाहेर लखलखली. पोट अंड्यांनी भरलेले. यशोधनरावांनी हात ओले केले, बाईंनी तिला धरले, त्यांनी गळ सोडवला, आणि दोघांनी मिळून तिला प्रवाहात सोडले. क्षणभर ती बोटांत थांबली. मग गेली.

यशोधनराव दोरी गुंडाळू लागले. "उद्याची गाडी किती वाजता सांगितली आहेस?"

माहीत होते तर! बाईंचे डोळे भरून आले.

"कसली गाडी? गाठ माझी होती. किड्याला जिवंत तुम्ही केलंत." आणि जरा दटावून, "लाकडं मात्र उद्याच भरून घ्यायची. आणि दुपारची गोळी चुकवायची नाही."

भीती होतीच. परततानाही ती त्यांच्या बरोबर चालत आली. घरी येऊन बाईंनी गाडीवाल्याला नको म्हणून कळवले, बॅग उघडली, वरचीच शाल काढून यशोधनरावांच्या खांद्यांवर टाकली. किडा त्यांनी छातीशी, स्वेटरवर टोचून ठेवला होता. तपकिरीवर तपकिरी, लोकरीवर तीच लोकर. तो थरथरत होता. बाहेर काळोखात नदी बोलत होती, बोलत होती, आणि हेमलताबाई ऐकत होत्या.