असरची सावली

“बाबा, विमान सापडलं, मग त्यातला माणूस कुठंय?”

विचारलं एकदाचं! शाळेच्या भिंतीआड शरबात आणि इन्शिराह या मैत्रिणींनी नव्वाराला डिवचलं होतं, “वक्तृत्वात पहिली आलीस ना? मग बापाला विचारून दाखव. नाहीतर आजपासून तू मुकी कोंबडी!” पंधरा वर्षांच्या नव्वाराला यंदाच आपल्या आवाजाचा शोध लागला होता आणि तो वापरल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं.

तिच्या बापाच्या, हमदानच्या, हातातला भाकरीचा तुकडा मुलुखियाच्या पातळ पालेभाजीच्या वाडग्यात तसाच राहिला. दाखला नावाच्या त्या साऱ्या मरूद्यानात वाळवंटाचा त्याच्यासारखा जाणता वाटाड्या नव्हता. तेलाच्या शोधात फिरणाऱ्या लोकांना महायुद्धातलं ते लढाऊ विमान वाळूत पोटावर पडलेलं दिसलं, तेव्हापासून वैमानिकाचा माग काढायला आलेल्या शोधपथकानं त्यालाच नेमलं होतं.

“वाळवंट मोठं आहे,” तो म्हणाला.

“मग रोज उत्तरेलाच का नेता त्यांना? आपल्या काफिल्याच्या वाटेवरचे खुणेचे दगडांचे ढीग तर दक्षिणेला. वाट चुकलेला माणूस ढीग दिसला की तिकडेच जाणार ना? का तो डोळे मिटून चालला?”

“जेव गुपचूप,” आई, वगीदा, म्हणाली. “वकील झालीस का?”

“होणारच आहे!”

कुणीच हसलं नाही. नव्वाराला एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी ती मोठ्या ढिगाला टेकून बसली होती, तेव्हा बाबांनी तिला दंडाला धरून फरफटत उठवलं होतं. एरवी त्यांनी तिला कधी बोटही लावलं नव्हतं.

“मोठ्या ढिगापाशी आहे तो,” ती हळूच म्हणाली. “हो ना?”

हमदाननं हात पुसले. “तू जन्मायच्या आधी सापडला. पाठ दगडांना लावून बसला होता. अंगावर नुसती कातडी वाळलेली. बूट मात्र धड होते. मी पुरलं त्याला. नीट, दुआ म्हणून. वर खूण ठेवली नाही.”

“का?”

उत्तर आईनं दिलं. “त्याचे पाय पाण्याकडे होते म्हणून.”

नव्वाराला कळलं. तिच्या पणजोबांच्या काफिल्याचे पाण्याचे रांजण वाळूत पुरलेले असत, पण ढिगाखाली कधीच नाही. चोरांनी ढीग उकरावा आणि रिकाम्या हातानं जावं, म्हणून रांजण पलीकडे, असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजाला ढिगाची सावली जिथे संपते तिथे. घराण्याबाहेर हे कुणाला ठाऊक नसे. त्या माणसानं ढीग उकरला असणार. नखं तुटेपर्यंत. मग त्याच सावलीत बसून भरल्या रांजणांकडे पाय पसरून तो मेला.

“आपल्या पाण्यापाशी माणूस तहानेनं मेला,” हमदान म्हणाला. “हे पसरलं तर आपल्या घरचं पाणी कुणी पिणार नाही. तुला सोयरीक येणार नाही. माझ्या गाडीत कोण बसेल?”

“आणि वॉल्टरआजोबा?”

वैमानिकाचा हा म्हातारा भाचा पाहुणेघरात उतरला होता. कालच त्यानं मुलींना पत्र्याचा रिकामा डबा दाखवला होता. मामा नाहीच मिळाला तर विमानाजवळची वाळू नेऊन आईच्या कबरीवर घालणार म्हणे. शरबात तेव्हा फिदीफिदी हसली होती. नव्वाराही.

“ठीक आहे,” हमदान म्हणाला. “उद्या दक्षिणेला नेतो. कबर दाखवतो. रांजणांचं मात्र तोंडातून काढायचं नाही. उन्हानं गेला, संपलं.”

“हां, तेवढं पुरे,” आई घाईघाईनं म्हणाली. “म्हाताऱ्याला उगाच कशाला जाळायचं?”

उद्या शरबात विचारेल तेव्हा काय सांगायचं, हा प्रश्न नव्वाराला आता फार किरकोळ वाटला. तिला दिसत होते ते बूट. टाचा वाळूत, टोकं पाण्याकडे.

ती उठली. ओढणी डोक्यावर घेतली.

“बाबा, मी उद्या शाळेत जाणार नाही. तुमच्या गाडीत पुढे बसणार. असरपर्यंत आपण तिथेच थांबायचं. सावली पडली की रांजण मी स्वतः उकरणार, वॉल्टरआजोबांसमोर, आणि ते कुणाचे होते तेही मीच सांगणार. सोयरीक नाही आली तर नाही आली. आत्ता पाहुणेघरात जाऊन त्यांना तयार राहायला सांगते. आई, बाजूला हो, दार उघडू दे.”